पाक चुकलाय

साताऱ्याच्या एसटी स्टँडवर दहिवडीच्या गाडीची वाट बघत बसलेल्या एका आजोबांनी शेजारच्या गाड्यावरून गोडीशेवेची पिशवी घेतली. सोबत नात, शाळेच्या गणवेशात, सात-आठ वर्षांची. तिनं एक कांडी दातांत धरून जरा चोखली आणि बाहेर काढली, तर वरची साखर अख्खी सुटून आलेली, भुईमुगाचं टरफल निघावं तशी. साखर तिनं खाल्ली आणि आतली पिवळी काडी आजोबांच्या तळहातावर ठेवली. "आबा, ही तुम्हाला." दुसऱ्या कांडीचं तेच, तिसरीचंही तेच. चौथी आली तेव्हा आजोबांनी ती बोटांत धरून उजेडाकडे फिरवून पाहिली आणि कुणालाही न सांगितल्यासारखं म्हणाले, "पाक चुकलाय."

पोरीनं वेगळं काही केलं नव्हतं. गोडीशेवेची साखर आधी खायची, हे तिला कुणी शिकवलेलं नसणार, प्रत्येक पिढीतलं पोर ते आपलं आपण शोधून काढतं. फरक इतकाच, की नीट जमलेली गोडीशेव ते सहजासहजी करू देत नाही. साखर काडीला अशी धरलेली असते की तुम्ही चोखत राहता, चोखत राहता, आणि साखर संपते त्याच्या थोडं आधीच काडी मऊ पडून मोडते. मग शेवटचा घास अर्धा गोड आणि अर्धा हरभऱ्याचा. त्या घासासाठीच तर सगळा खटाटोप असायचा. आजोबांचे ते दोन शब्द मात्र गाडी लागेपर्यंत आणि नंतरही माझ्या डोक्यात फिरत राहिले, कारण चुकायला त्यात बऱ्याच जागा आहेत, आणि पाक ही त्यांतली फक्त एक.

काडीपासूनच सुरू करू. किलोभर बेसनाला साधारण शंभर मिली कडकडीत तेलाचं मोहन, चवीपुरतं मीठ, चिमूटभर हळद. पीठ चकलीच्या पिठाहून घट्ट. मोहन कमी पडलं तर काडीचा दगड होतो आणि लहान पोरांचे दात हलतात (तसे ते त्या वयात हलतच असतात म्हणा). मोहन जास्त झालं तर कढईत सगळं छान दिसतं, पण पाकात घोळताना काडी मोडते आणि परातीत नुसता भुगा उरतो. सोऱ्याची ताटली पेन्सिलीच्या जाडीच्या भोकांची. एवढी जाड काडी मोठ्या आचेवर टाकली की बाहेरून रंग धरते आणि आत ओल राहते. म्हणून मध्यम आच आणि बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत कळ काढायची. इथं घाई झाली तर त्या दिवशी कुणाला कळत नाही. तीन-चार दिवसांनी आतली ओल बाहेर यायला लागते, काडी वातड होते, साखरेची पकड सुटते. दुसरी चूक निथळण्यातली. तळलेली शेव झाऱ्यातून थेट पाकात गेली तर अंगावर तेलाचा पातळ पापुद्रा असतो, आणि तेलावर साखर बसत नाही. ती भोवतीनं नळीसारखी घट्ट होते आणि पहिल्या संधीला सुटते. जुने लोक आज तळून उद्या पाकात घोळायचे ते यासाठी.

मग पाक. किलोभर शेवेला पाऊण किलो साखर आणि साखर जेमतेम बुडेल एवढं पाणी. उकळी आली की दोन चमचे दूध, म्हणजे मळी फाटून वर येते आणि झाऱ्यानं काढून टाकता येते. बोटांत धरून बघायचं: आधी एकतारी, मग दोनतारी, मग वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकला की त्याची मऊ गोळी होते. थर्मामीटर लावला तर तो तेव्हा 112 ते 116 अंश दाखवेल, पण गावातल्या कारागिराचा थर्मामीटर म्हणजे ती पाण्याची वाटी. एकतारीवरच शेव टाकली तर काडी पाणी पिते आणि मऊ पडते. गोळीच्या पुढं गेलात तर पाक पसरायच्या आतच आळतो, काही काड्यांवर गाठी आणि काही टकल्या. बरोबर जागी कढई खाली उतरवायची, शेव ओतायची आणि दोन उलथण्यांनी खालून वर, खालून वर, न थांबता. सुरुवातीला सगळं काचेसारखं चमकतं आणि चिकट चपचप आवाज येतो. मिनिटा-दोन मिनिटांत चमक मरते, काड्या धुरकट होतात, मग एकदम पांढऱ्या. त्याच क्षणी आवाज बदलतो. चपचपची खडखड होते. पाठमोरा बसलेला माणूससुद्धा त्या आवाजावरून सांगू शकतो की साखर धरली.

यात लिंबाचा एक थेंब पडला तर सगळं वाया. आंबटानं साखर फुटते, रवा म्हणजे साखरेचे बारीक कण धरत नाही, काड्या दिवसभर चिकट राहतात. आणि त्याच दुकानात, शेजारच्या चुलीवर जिलेबीचा पाक असेल तर त्यात लिंबू हवंच, नाहीतर जिलेबीवर साखरेचे खडे बसतात. गुळाची गोडीशेव चिकट राहते तीही याच कारणानं. गुळात फुटलेली साखर जात्याच असते, शिवाय तो हवेतलं पाणी ओढतो. म्हणून गुळाची, सुंठ घातलेली शेव मार्गशीर्षातल्या पुसेगाव-म्हसवडच्या जत्रेला छान खुळखुळते आणि श्रावणात कागदासकट खावी लागते.

माण-खटावकडच्या गावांत अशा दुकानाला मिठाईचं दुकान कुणी म्हणत नसे. ते 'हॉटेल'. फाट्यावर किंवा पाराजवळ, पत्र्याचं, पुढं मातीची भट्टी, तिच्यावर धुरानं काळा झालेला तट्ट्या. एका बाजूला चहाचं पातेलं, दुसरीकडं भज्यांची कढई, आणि मागं जाळीच्या कपाटात शेव, गोडीशेव, पापडी, बुंदीचे लाडू, बाजाराच्या दिवशी जिलेबी. कपाटाच्या जाळीला बाहेरून माश्या आणि आतूनही एक-दोन. फळीवर काचेच्या बरण्या: लिमलेटच्या गोळ्या, रावळगावची चॉकलेटं, खोबऱ्याच्या वड्या. शाळा सुटायची पाचला. भट्टीचा दुपारचा जाळ तोवर बसलेला असायचा आणि गोडीशेव घोळायची ती याच वेळेला. त्याला कारण होतं. बाभळीच्या लाकडाचा जाळ कमी करायचा म्हणजे लाकूड मागं ओढायचं, दुसरा उपाय नाही, आणि पाकाला भडका चालत नाही. तेव्हा आधी भजी-पापडीचं तळण उरकायचं आणि मग उरलेल्या निखाऱ्यावर पाक. त्यामुळं पाच वाजता फाट्यावर आलेल्या पोरांना जो वास यायचा तो तळणाचा नसायचा, करपायच्या जरा अलीकडच्या साखरेचा असायचा. ज्यांच्या खिशात काही नाही त्यांनाही तो वास फुकट मिळायचा, आणि तसं बघितलं तर तो फार क्रूर प्रकार होता.

कारण बहुतेकांच्या खिशात काही नसायचं.

सत्तर-ऐंशीच्या दशकात पोराच्या मुठीत फार तर पाच पैशांचं चौकोनी किंवा दहा पैशांचं कातरलेल्या कडांचं ॲल्युमिनियमचं नाणं. इतकं हलकं की मुठीत आहे की नाही हे उघडून बघावं लागे, आणि उघडून बघण्याच्या नादातच ते रस्त्याच्या फुफाट्यात पडे. (25 पैसे आणि त्याखालची सगळी नाणी 30 जून 2011 नंतर चलनातून गेली, पण गोडीशेवेच्या बाजारातून ती कितीतरी आधी गेली होती.) एवढ्या पैशांत वजन होत नसे. दुकानदार ताजव्याला हात लावत नसे, चिमटीनं द्यायचा, आणि कुणाची चिमूट मोठी हे सगळ्या शाळेला पाठ असायचं. वजन करून घ्यायची ती घरची मोठी माणसं, तीही बाजाराच्या दिवशी. दशमान वजनं येऊन वीस-वीस वर्षं झाली तरी त्यांच्या तोंडी 'पावशेर' आणि 'छटाक'च. छटाक म्हणजे खरं तर अठ्ठावन्न ग्रॅम आणि पारड्यात पडायचं पन्नास ग्रॅमचं वजन. हे आठ ग्रॅम कुणाच्या खिशात गेले, यावर पारावर वाद व्हायचे.

त्याहून स्वस्त एक माल होता, तो कपाटात दिसायचा नाही. चुरा. गोडीशेव घोळून झाली की परात चाळणीवर रिकामी करायची. वर अख्ख्या काड्या राहतात, खाली पडतो मोडक्या काड्यांचा आणि सुटलेल्या साखरेचा भुगा. परातीच्या कडेला वाळलेला पाक उलथण्यानं खरवडून तोही त्यात जातो. चांगल्या कारागिराच्या हातून चुरा कमी पडतो, शिकाऊ माणसाच्या हातून जास्त. म्हणजे दुकानात नवा पोऱ्या ठेवला की शाळेतल्या पोरांची चैन. पाच पैशांच्या गोडीशेवेत चार काड्या आल्या तर पाच पैशांचा चुरा मूठभर यायचा. तो बोटांनी खाता येत नाही. तळहातावर घ्यायचा आणि जिभेचं टोक लावायचं. ज्याच्या हाताला घाम त्याचा चुरा हातालाच चिकटतो, मग कोपरापर्यंत चाटणं आलं. अख्ख्या काड्या खाणारा आणि चुरा खाणारा, अशा दोन जाती शाळेत होत्या आणि कोण कुठल्या हे सगळ्यांना माहीत होतं, पण बोलून कुणी दाखवत नसे.

बोलून न दाखवलेली गोष्ट आणखी एक होती, आणि ती खऱ्या जातीची. काही पोरांच्या हातात पुडी दिली जायची आणि काहींची ओट्यावर ठेवली जायची. त्यांनी नाणंही वरून टाकायचं, हाताला हात लागू द्यायचा नाही. कायदा तेव्हाही होता. शाळेत एकाच पट्टीवर बसणारी पोरं फाट्यावरच्या ओट्याशी आली की न सांगता मागं-पुढं व्हायची. या दुकानांच्या आठवणी लिहिताना लोक वास आणि चव लिहितात, ओट्याची उंची लिहीत नाहीत.

पुडी बांधणं ही स्वतंत्र कला. कागद बहुधा रद्दीतला, वर्तमानपत्राचा किंवा जुन्या उत्तरपत्रिकांचा. पन्नास ग्रॅमसाठी वीतभर चौकोन पुरे. एक कोपरा आपल्याकडं घेऊन डाव्या हाताच्या आंगठ्याभोवती गुंडाळायचा, सुळका झाला की टोक मुडपून मागं दाबायचं, माल भरायचा, वरची दोन पाखं आत आणि तिसरं त्यांच्यावरून खोचायचं. मग छताला टांगलेल्या रिळातला दोरा खाली ओढायचा, दोन आडवे वेढे, एक उभा आणि बोटाभोवती पीळ देऊन हिसका. कात्री लागत नाही. पुडी सुटते ती नेहमी टोकाकडून, कारण घाईत टोक मुडपायचं राहतं. आणि मग पुढं चालणाऱ्याच्या मागं एकेक काडी रस्त्यावर सांडत जाते, मागच्यांना कळतं, त्याला नाही. उत्तरपत्रिकेची पुडी मिळाली की खाऊन झाल्यावर वाचनही. कुण्या अनोळखी पोराचं चुकलेलं त्रैराशिक, त्यावर लाल फुली आणि फुलीवर साखरेचे दाणे. 2016 साली अन्न सुरक्षा प्राधिकरणानं छापील कागदात खाद्यपदार्थ बांधू नका म्हणून सांगितलं, शाईतली द्रव्यं पोटात जातात म्हणून. बरोबरच आहे ते. ती शाई कितीजणांच्या पोटात किती गेली याचा हिशेब आता कोण काढणार.

फाट्यापासून वस्ती दोन-अडीच किलोमीटर. बाजाराच्या दिवशीच्या पुडीतल्या वीस-बावीस काड्या एवढा रस्ता पुरवायच्या म्हणजे नियोजन लागतं. पहिल्या तीन लगेच, त्यांना हिशेब नाही. मग ओढ्यापर्यंत पाच. ओढ्यात चपला हातात घ्याव्या लागतात म्हणून तेवढा वेळ पुडी दातांत. पलीकडच्या चिंचेखाली थांबा, तिथं गोडावर आंबट म्हणून पाडाची चिंच, किंवा पौष-माघात बांधावरची बोरं. बाभळीच्या काट्यांमुळं या पट्ट्यात मान खाली घालूनच चालावं लागतं, आणि मान खाली असली की खाणं हळू होतं, हा अनुभव आहे. वाटेत मित्राला घास द्यायचा तर चिमणीच्या दातानं: काडी सदऱ्याच्या टोकात धरायची आणि कापडावरून दातानं तोडायची, म्हणजे उष्टी होत नाही. कापड धुतलेलं कधी, हा प्रश्न कुणी विचारत नाही. खोबऱ्याची वडी अशी तुटत नाही, भुगा होतो. लिमलेटची गोळी तुटते पण तीन तुकडे करते आणि तिसऱ्यावरून भांडण होतं. गोडीशेव मात्र बरोबर मधोमध कट्कन मोडते. हे बघितलं की वाटतं, हा पदार्थ जणू या रस्त्यासाठीच बनवला होता. उन्हात वितळत नाही, खिशात डाग पाडत नाही, पाणी मागत नाही, वाटता येतो, आणि संपता संपता घर येतं.

जिलेबी याच्या अगदी उलट. ती रस्त्यासाठी नाहीच. तरी वर्षातून दोनदा तिला रस्ता चालावा लागायचा, 26 जानेवारीला आणि 15 ऑगस्टला. शाळेची ऑर्डर म्हणजे हॉटेलवाल्याची रात्र जागरणाची. मैद्यात थोडं बेसन, दही, कोमट पाणी. जानेवारीत पीठ आंबायला रात्रभर भट्टीच्या उबेला ठेवावं लागतं, ऑगस्टात तेच पीठ पहाटेपर्यंत फसफसून पुढं जातं. पीठ जास्त आंबलं की पातळ होतं, तईत वेटोळं धरत नाही, पसरतं, चपटं होतं आणि तूप पितं. चपट्या जिलेबीत पोकळी नाही, आणि पोकळी नाही तर पाक जाणार कुठं? जिलेबीचं सगळं मर्म त्या पोकळ नळीत आहे. तळून निघालेली गरम नळी कोमट एकतारी पाकात पडली की अर्ध्या-एक मिनिटात रस ओढून घेते. पाक गार असेल तर रस आत जात नाही, नुसता बाहेर ओघळतो. शंभर-दीडशे पोरांना एकेक, तीही झेंडावंदन होऊन भाषणं संपल्यावर, म्हणजे तोवर ती निवून मऊ पडलेली. वहीच्या कागदावर मिळायची. कागद लगेच पारदर्शक व्हायचा.

आणि घरी धाकटं भावंड असेल तर ती अर्धी घरी न्यायची.

अर्धी जिलेबी अडीच किलोमीटर नेणं म्हणजे काय, हे नेलेल्याला विचारावं. कागदातून पाक खिशात, खिशातून चड्डीत, चड्डीतून मांडीवर. बोटं सारखी खिशात जाणार आणि बोटं चाटली जाणार, ही चोरी नव्हे, गळती. ओढ्यापर्यंत अर्धीची पाव व्हायची. घरी पोचल्यावर धाकट्याच्या हातात पडायचा तो कागदाला चिकटलेला तांबूस तुकडा, आणि तो कागदासकट चोखून खायचा. दुसऱ्या दिवशी खुंटीवरच्या चड्डीला मुंग्यांची रांग.

तिसरी तारीख 1 मे. वार्षिक निकालाचा दिवस आणि पेढ्यांचा. म्हशीच्या लिटरभर दुधाचा दोनशे ग्रॅमच्या आसपास खवा पडतो, गायीच्या दुधाचा त्याहून कमी, आणि मे महिन्यात माणदेशात दूधच आटलेलं. म्हणून पेढा त्या दिवशी महाग, आणि हॉटेलवाला आकारानं तो लहान करायचा. सातारी कंदी पेढ्याचा खवा तांबूस होईपर्यंत परततात, पाणी जितकं कमी तितका तो टिकतो. निकालाच्या घाईत परतणं अर्धवट सोडलं तर दोन दिवसांत आंबूस वास. पास झालेला पोरगा फाट्यावरून पेढ्याचा पुडा छातीशी धरून जायचा. नापास झालेला त्या दिवशी फाट्यावर यायचाच नाही, खालून ओढ्याओढ्यानं घर गाठायचा. हॉटेलवाल्याला सगळ्यांत आधी निकाल कळायचा तो असा, कोण आलं नाही यावरून.

ती दुकानं का गेली, याला पोरांची बदललेली आवड एवढंच कारण देतात, ते मला पटत नाही. आधी चालणं गेलं. पाचवीपासून पुढच्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळाला, पुढं सायकली आल्या, वस्तीपर्यंत डांबर आलं. या सगळ्याबद्दल तक्रार करणारा माणूस अडीच किलोमीटर दप्तर घेऊन उन्हातून कधी चाललेला नसतो. पण पाच वाजता फाट्यावर थांबणारी ती शंभर पावलं गाडीत बसून दुकानावरून निघून जाऊ लागली. भट्टीपुढं दोन तास बसून किलोमागं मोजके रुपये सुटणाऱ्या मालापेक्षा पाच रुपयांच्या कुरकुरीत पुड्यांची माळ टांगणं सोपं. तिला जाळ लागत नाही, पाक चुकत नाही, उरली तर कंपनीचा माणूस बदलून देतो. 1 ऑक्टोबर 2020 पासून सुट्या मिठाईपुढंही 'कधीपर्यंत खावी' ती तारीख लावायची झाली. गोडीशेवेची तारीख पूर्वी काडी मोडून कळायची. कट्कन मोडली तर चांगली, वाकली तर गेली.

आता गोडीशेव होते ती मोठ्या गावांतल्या कारखान्यांत. शेव पाडणारं यंत्र, घोळायला फिरतं भांडं. यंत्रातून येणारी काडी गुळगुळीत असते, आणि जुन्या सोऱ्याच्या झिजलेल्या ताटलीतून येणारी खरबरीत, कडेला बारीक दाते असलेली. साखर पकडायची ती त्या दात्यांना. म्हणजे साताऱ्याच्या स्टँडवरच्या त्या पिशवीत कदाचित पाक चुकलाच नसेल. तो बरोबर गोळीवर उतरवला असेल, साखरही पांढरी धरली असेल, फक्त धरायला काडीवर जागा नसेल. आजोबांना हे सांगावंसं वाटलं. पण ते तोवर तळहातावरच्या बोडक्या काड्या एकेक करून तोंडात टाकत होते, सावकाश, गाडीला अजून वेळ असल्यासारखे, आणि एवढं खाणाऱ्या माणसाला चूक कुठं आहे ते सांगून काय मिळवायचं?

गाडी लागली. पोरीनं पिशवी उलटी करून झटकली. तळाशी चुरा होता. तो तिनं तळहातावर घेतला आणि जिभेचं टोक लावत, आजोबांनी दुसरा हात धरलेला असताना, पायरी चढली.